ठरावापासून पाणवठ्यापर्यंत
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९१७ च्या सप्टेंबर महिन्यात एके दिवशी सव्वीस वर्षांचा एक तरुण बडोद्याच्या कमाटीबागेत पाच तास बसून होता. न्यूयॉर्क आणि लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन तो नुकताच परतला होता. शिक्षणाला शिष्यवृत्ती दिली होती बडोदे सरकारने आणि नोकरीही दिली होती बडोदे सरकारनेच, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. शहरात राहायला जागा मात्र कोणी देत नव्हते. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून काढलेले दिवस अकराव्या दिवशी संपले. हातात काठ्या घेतलेला जमाव दाराशी येऊन उभा राहिला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसऱ्याची विचारणा झाली. दोघांनीही सभ्य शब्दांत आपली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. तोवर बसायला उरली ती फक्त सार्वजनिक बाग. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग एखाद्या मागासलेल्या संस्थानात घडला असता तर त्याचे फारसे आश्चर्य वाटले नसते. पण ती सयाजीराव महाराजांची राजधानी होती. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करणारे आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानभर नेणारे हे राज्य होते. राज्याचे धोरण उदार होते, तिजोरी खुली होती, आज्ञाही निघालेल्या होत्या. तरीही हे सारे शहरातील एका खोलीच्या उंबरठ्याशी येऊन थांबले. माणसाचे हक्क राजधानीत जाहीर होतात, संविधानात लिहिले जातात, न्यायालयात सांगितले जातात. पण ते मिळतात किंवा नाकारले जातात ते शहरात, म्हणजे नळावर, रस्त्यावर, मैदानात, शाळेच्या फाटकाशी आणि घराच्या दारात. म्हणून ‘शहराने मानवी हक्कांचे रक्षण कसे करावे’ हा प्रश्न केवळ कायद्याच्या अभ्यासकांचा राहत नाही. तो शहरात घर असलेल्या प्रत्येकाचा होतो.

भारतीय संविधानाने ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. अनुच्छेद १२ मध्ये ‘राज्य’ या संज्ञेची व्याख्या करताना स्थानिक प्राधिकरणांचाही समावेश केलेला आहे. मूलभूत हक्कांचे बंधन जसे केंद्र सरकारवर आहे, तसेच ते नगरपालिकेवरही आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात तर विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा नावानिशी उल्लेख आहे; धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून त्यांच्या वापरास कोणालाही मज्जाव करता येत नाही. एका राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात तलाव आणि स्नानघाट यांना स्थान का मिळावे, याचे उत्तर महाडच्या चवदार तळ्याच्या इतिहासात सापडते.

महाडची कथा मराठी माणसाला सत्याग्रहाची कथा म्हणून ठाऊक आहे. ती एका नगरपालिकेचीही कथा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. त्या काळच्या मानाने हे पाऊल धीराचे होते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे पुढेही या प्रश्नात बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले.

ठराव झाला, पण तळ्यावर काहीच बदलले नाही. अस्पृश्य मानलेल्या माणसाने तेथे घागर बुडवली तर त्याच्या मागे कोण उभे राहणार, मारहाण झाली तर कोण अडवणार, याचा ठरावात पत्ता नव्हता. तीन वर्षे तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा गावात तळे भरलेले असूनही परिषदेसाठी पाणी विकत आणावे लागले. २० मार्च रोजी परिषदेतील माणसे शिस्तीने तळ्याकडे गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी दिलेला हक्क त्या दिवशी प्रथम वापरला गेला. थोड्याच वेळात अफवा उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही करण्यात आले.

यानंतर जे घडले ते या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. विरोध दिसताच दिलेला शब्द फिरवला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरवायची होती, तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. विरोधकांनी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. त्याचा मान राखून त्या वेळी पाणी घेण्याचे स्थगित झाले. तळे ही खासगी मालमत्ता असून तेथे बहिष्काराची पुरातन वहिवाट आहे, हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने अखेर १७ मार्च १९३७ रोजी फेटाळला. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

या तेरा वर्षांतून कोणत्याही शहराला तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, हक्क जाहीर करणे हे आरंभाचे काम आहे. तो वापरता यावा म्हणून माणसे नेमणे, पैसा ठेवणे, संरक्षण देणे हे खरे काम आहे. दुसरी, हक्काची परीक्षा तो देताना होत नाही. तो वापरला जाऊन विरोध उसळतो, तेव्हा होते. तिसरी, ज्याला हक्क मिळायचा आहे त्याला एकत्र येण्यासाठी, बोलण्यासाठी, मागणी मांडण्यासाठी जागा लागते. ती जागा नसेल तर हक्क हिरावला गेल्याचे इतरांच्या कानावरही येत नाही. फत्तेखानांची जमीन मिळाली नसती तर डिसेंबरची परिषद भरणे किती अवघड झाले असते, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे.

पहिल्या धड्याचे उदाहरण स्वातंत्र्योत्तर मुंबईत मिळते. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटवण्याची घोषणा झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या नावाने ते प्रसिद्ध आहे. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्यात स्वीकारले गेले. माणूस पदपथावर राहतो तो हौसेने नाही. काम जवळ असते म्हणून राहतो, आणि निवारा गेला की कामही जाते, हे वास्तव न्यायालयाने मान्य केले. तरीही पदपथ अडवून राहण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. महापालिकेचा हटवण्याचा अधिकार कायम राहिला. सर्वसाधारणपणे आधी म्हणणे ऐकून घ्यावे, ही अट आली, आणि पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत झोपड्यांना हात लावू नये असे सांगण्यात आले.

तत्त्व जिंकले, झोपडी मात्र वाचली नाही. यात न्यायालयाला दोष देऊन भागत नाही. न्यायालय तत्त्व सांगू शकते. कामाच्या जवळ स्वस्त घर बांधणे, भाड्याच्या खोल्यांची सोय करणे, स्थलांतरितांसाठी रात्रनिवारे चालवणे ही कामे नगराची आणि राज्याची असतात. शहराच्या अंदाजपत्रकात ज्या गोष्टीला रकान्यात जागा मिळत नाही, तिला निकालपत्रात कितीही मोठी जागा मिळाली तरी रस्त्यावर ती दिसत नाही.

पथविक्रेत्यांच्या बाबतीत संसदेने हे अंतर कमी करण्याचा एक चांगला मार्ग दाखवला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य खुद्द पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, आणि पुढेही स्थलांतर वा निष्कासन करण्यापूर्वी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. या कायद्याचे मर्म संरक्षणाइतकेच त्याच्या रचनेत आहे. कोपऱ्यावर भाजी विकणारी स्त्री कारवाईची नुसती लक्ष्य राहत नाही. बाजार कोठे भरावा हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती तिलाही खुर्ची मिळते. अर्थात ही खुर्ची मांडायची की नाही, समितीची निवडणूक घ्यायची की नाही, हे अखेर शहराच्या हाती राहते. महाडचा प्रश्न येथेही तसाच उभा असतो.

दुसरा विषय एकत्र येण्याच्या जागेचा. या बाबतीत गुजरातच्याच एका खटल्याने देशाला दिशा दिली. अहमदाबादमध्ये सार्वजनिक सभेसाठी मागितलेली परवानगी पोलिसांनी नाकारली आणि हिंमतलाल शाह विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. १९७२ मधील या निकालाचा गाभा साधा आहे. रहदारी आणि सुव्यवस्था यांसाठी शासन सभांचे नियमन करू शकते, वेळ आणि जागा ठरवून देऊ शकते. पण परवानगी देणे न देणे निव्वळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, आणि सगळे रस्ते व सगळी मोकळी जागा सभांना बंद करता येत नाही. २०१८ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतर परिसरातील सरसकट बंदीही सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली. पुढे २०२० मध्ये त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली: सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येत नाही, निदर्शने नेमून दिलेल्या जागी व्हावीत.

हे निकाल एकत्र वाचले म्हणजे शहराचे कर्तव्य आपोआप समोर येते. रस्ता अडवायचा नसेल आणि आवाजही दाबायचा नसेल, तर शहराने जागा राखून ठेवली पाहिजे. ती शहराच्या वेशीबाहेर असून चालणार नाही. जेथे बससेवा पोहोचते, जेथून ज्यांना ऐकवायचे त्यांना ऐकू जाते, तेथे ती हवी. मैदानाचे भाडे लहान संघटनेला परवडले पाहिजे. अर्ज कोणाकडे करायचा, उत्तर किती दिवसांत मिळेल, नकार मिळाल्यास कारण लेखी मिळेल का, हे फलकावर लिहिलेले हवे. या गोष्टी किरकोळ वाटतात. परंतु नागरिकांना मोकळेपणाने जमता यावे यासाठी लागणारा नागरी अवकाश घडतो तो अशाच किरकोळ गोष्टींतून. विकास आराखड्यात मैदानाच्या खुणेवर दुसरी खूण उमटते, तेव्हा केवळ मुलांच्या खेळण्याची जागा जात नाही. उद्या त्या मुलांच्या आईवडिलांना पाण्यासाठी, शाळेसाठी, रस्त्यावरील दिव्यासाठी एकत्र जमायचे झाले, तर ती जागाही गेलेली असते.

जगातील काही शहरांनी ही जबाबदारी उघडपणे शिरावर घेतली आहे. अर्जेंटिनातील रोसारियो या शहराने १९९७ मध्ये स्वतःला ‘मानवी हक्कांचे शहर’ घोषित केले. २००० मध्ये फ्रान्समधील सेंट-डेनिस येथे युरोपातील शहरांनी शहरातील मानवी हक्कांच्या रक्षणाची सनद स्वीकारली. दक्षिण कोरियातील ग्वांगजू या शहराने १९८० च्या मे महिन्यात लष्करी दडपशाहीविरुद्धच्या उठावात आपली माणसे गमावली होती. तेथे २०११ पासून अशा शहरांची जागतिक परिषद भरते आणि नगरप्रशासनातच मानवी हक्कांचे काम पाहणारे कार्यालय आहे. या प्रयत्नांतून घेण्यासारखी गोष्ट एकच: नगरपालिकेकडूनच अन्याय झाला तर नगरपालिकेच्याच इमारतीत ज्याच्याकडे जाता येईल असा एक माणूस असावा, त्याचे दार सर्वांना ठाऊक असावे, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे प्रत्येक खात्याला भाग असावे. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला तेरा वर्षे जातात. नळजोडणी नाकारली गेलेल्या घराला तेरा दिवसही थांबता येत नाही.

भारतातही यासाठी चौकट आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदवले आणि तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली. त्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा आहे, नागरी गरिबी निर्मूलन आहे, समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आहे, बागा आणि क्रीडांगणेही आहेत. या समित्या नुसत्या कागदावर राहतात की खऱ्या अर्थाने चालतात, हे अखेर नागरिक किती वेळा त्यांचे दार ठोठावतात यावर अवलंबून असते.

येथपर्यंत जबाबदारी नगरपालिकेची होती. आता गोष्ट पुन्हा १९१७ च्या उंबरठ्याशी येते, आणि तेथे नगरपालिकेचा हात पोहोचत नाही. अनुच्छेद १५ तलाव, रस्ता, दुकान, उपाहारगृह यांची दारे उघडतो. भाड्याने द्यायच्या खासगी खोलीचे दार तो उघडत नाही. अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सदस्यत्व एकाच समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा नियम कायद्याच्या चौकटीत बसतो, असे ठरवले. म्हणजे या ठिकाणी कायद्याने निर्णय शेजाऱ्यांवर सोडला आहे. आजही आडनाव ऐकून, आहार विचारून, धर्म कळल्यावर, किंवा एकटी स्त्री आहे एवढ्यावरून ‘खोली कालच गेली’ असे सांगितले जाते. शब्द सभ्य असतात. १९१७ मध्येही ते सभ्यच होते.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना हा प्रश्न परका नसावा. मराठी कुटुंबे परप्रांतात आली तेव्हा कोणीतरी त्यांना खोली दिली, दुकानदाराने उधारी दिली, शेजाऱ्याने भाषा शिकवली. मुलांना मातृभाषेत शिकता आले, यामागेही संविधानाचा एक अनुच्छेद उभा आहे. १९५६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क सांगतो की, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने ‘आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने’ प्रयत्न करावा. साठ वर्षे या वर्गांतून मराठी बाराखडी ऐकू येते, याचा अर्थ एका शहराने आपल्या पोटात दुसऱ्या भाषेला जागा ठेवली असा होतो. ज्यांना ही जागा मिळाली, त्यांच्यावर ती पुढच्यासाठी मोकळी ठेवण्याचे ऋण येते.

ते फेडण्यासाठी मोठ्या घोषणांची गरज नाही. साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेले अनेकजण आज घरमालक आहेत, गृहनिर्माण संस्थांचे सचिव आहेत, वकील, अभियंते, शिक्षक, महापालिकेचे कर्मचारी आहेत. संस्थेच्या वार्षिक सभेत भाडेकरूच्या जातिधर्माची चौकशी करणारा अलिखित नियम उघडपणे बोलून दाखवला आणि त्याला नकार दिला, तरी एका इमारतीपुरते काम झाले. प्रभागातील मैदानाची नोंद काढून ती सर्वांना दिसेल अशी लावली, पथविक्रेता समितीची निवडणूक झाली का हे अर्ज करून विचारले, शाळेचे पटांगण सुट्टीच्या दिवशी वस्तीतील सभांना उपलब्ध करून दिले, तर नागरी अवकाश तेवढा वाढला. फत्तेखानांनी केलेले काम यापेक्षा वेगळे नव्हते. त्यांच्यापाशी जमीन होती, त्यांनी ती मंडपासाठी दिली.

१८७९ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या कमाटीबागेत आजही संध्याकाळी शहरातील सर्व थरांतील माणसे फिरायला येतात. १९१७ मध्ये एका तरुणाला या शहराने एवढे एकच ठिकाण मोकळे ठेवले होते. शहराने माणसाचे हक्क राखले किंवा नाही याची कसोटी पाहायची असेल, तर नव्याने आलेल्या माणसाला रात्री नऊची गाडी पकडावी लागते की शहरातच पाठ टेकायला जागा मिळते, एवढे पाहावे. बाग राखणे हे नगरपालिकेचे काम आहे. खोलीचे दार उघडणे हे त्या दारामागे राहणाऱ्यांचे.